सातव्या मजल्यावरचा भांबुर्डा

बसा. चहा होतोय तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्या कोणाकडून ऐकलीत तर तीत मीठमसाला असेल, आणि आमच्या सोसायटीत मीठमसाला घालणारे पुष्कळ आहेत.

मी नवी मुंबईत उलव्याला राहतो. सातवा मजला. बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी आमचीच भातखाचरं होती. म्हणजे मी गाव सोडून कुठे गेलो नाही. जमीन तीच, फक्त सात मजले उंच.

घरात एकटाच असतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा पुण्याला. सुरुवातीला बेल वाजली की मी धावायचो. दर वेळी पार्सलवाला, आणि पार्सल समोरच्या मंदाबाईंचं! एक दिवस स्टुलावर चढलो आणि बेलची तार सोडवून टाकली. आता बेल वाजत नव्हती, कारण मी ती बंद केली होती. कोणी येत नाही म्हणून नव्हे. हा फरक मोठा आहे. तुम्हाला नाही कळायचा.

तर जानेवारीतली गोष्ट. गावठाणात गेलो होतो. तिथे आमचा पांडू भेटला. लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं वालाचं एक शेत अजून शिल्लक आहे.

"काय रं महादू," तो म्हणाला, "तुमचे बिल्डिंगीन आयतवारी पोपटी हाय ना? शेंगा माज्याच नेतान. दोन मडकी पन सांगितलीन. तुला म्हाईत नाय?"

"हाय म्हाईत," मी म्हणालो. काही माहीत नव्हतं!

पोपटी ठाऊक आहे ना? थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात घालायच्या. सोबत बटाटे, रताळी, ओवा, जाडं मीठ. खाली भांबुर्ड्याचा पाला, वर भांबुर्ड्याचा पाला. मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. भांबुर्डा ही रानटी वनस्पती, बांधावर आपोआप येते. वास असा उग्र की विचारू नका. पण तिच्याशिवाय पोपटी नाही. या पंचक्रोशीत माझ्यासारखी पोपटी लावणारा माणूस नव्हता. हे मी नाही, माझी बायको म्हणायची. आणि ती सहसा माझं कौतुक करत नसे.

आणि माझ्याच जमिनीवर पोपटी, नि मला पत्ता नाही?

घरी आलो. खाली बोर्डावर कागद लागला होता. मोठ्या अक्षरांत 'पोपटी, रविवार, संध्याकाळी पाच.' खाली बारीक अक्षरांत बरंच काही. आता मी चौथी शिकलेला. बारीक अक्षर मी बोट ठेवून वाचतो, आणि चारचौघांत बोट ठेवून वाचायचं नाही हा माझा नियम आहे. लिफ्टपाशी चारजण उभे होते. मी ताठ मानेने वर गेलो.

रात्रभर डोक्यात एकच. घाटावरून आलेली माणसं पोपटी लावणार. लावा! कशी लावता तेच बघतो.

शनिवारी उजाडायच्या आत मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. जुन्या बांधावरचा सगळा भांबुर्डा उपटला. सगळा! एक काडी ठेवली नाही. दोन गोणी भरल्या. लिफ्टने वर आणल्या आणि बाथरूममध्ये कोंबल्या. मग कोमेजू नये म्हणून वर पाणी शिंपडलं. सुडासाठी उपटलेला पाला ताजा कशाला ठेवायचा? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

रविवारी त्या गोणींना खेटूनच अंघोळ केली.

चार वाजता दारावर धाडधाड. उघडलं तर आमचे सेक्रेटरी शिंदे. साताऱ्याचा माणूस, मार्केटात कांद्याचा गाळा आहे, आवाज तिथलाच.

"अवो काका, हायसा कुठं? चार येळा येऊन गेलो. बेल दाबून दाबून बोट दुखलं!"

"का आला होतात?"

"का म्हंजे? पोपटी तुम्हीच लावायची नव्हं का? बोर्डावर लिवलंय की. 'पोपटी लावणार महादूकाका.' तुम्ही काय बोलला न्हाईत, म्हटलं कबूल हाय."

मी दाराची चौकट धरली. बारीक अक्षरांत माझं नाव होतं!

"पण घोटाळा झालाय काका. तो तुमचा भांबुर्डा. पांडूशेठनं बांध दाखवला, तर बांध साफ! गुरं चरून गेली बघा."

भांबुर्ड्याला गुरं तोंड लावत नाहीत. हे एकाच बैलाचं काम होतं आणि तो शिंद्यांच्या समोर उभा होता.

"जाऊ द्या," शिंदे म्हणाले, "माणसं जमल्यात. कोबीची पानं लावू. आपल्या गाळ्याशेजारनं दोन गड्डे आनलेत."

"कोबी?"

"का? पान ते पान."

"शिंदे! पोपटीत कोबी? उद्या श्रीखंडात सुकट घालाल! खबरदार. भांबुर्डा आहे."

"कुठं?"

आता काय सांगणार? बाथरूममध्ये?

"मी आणतो," म्हणालो.

शिंदे मला लिफ्टने खालीच घेऊन गेले. चाळीस माणसं, खुर्च्या, बायकांनी शेंगा धुऊन ठेवलेल्या. टाळ्या वाजवून त्यांनी मला गेटबाहेर काढलं. 'काका भांबुर्डा आणायला निघाले!' आणि भांबुर्डा वर!

मी उघड्या बांधावर जाऊन थोडा वेळ बसलो. इथेच आम्ही नवरा-बायको पोपटी लावायचो. मडक्यावर पाण्याचे थेंब मारून ती म्हणायची, "चुर्र झालं, उतरा." पोटभर खाल्लं तरी परत येताना तिच्या ओटीत शेंगा असायच्या. त्या दिवशी बांधावर मी, आणि मीच उपटलेल्या मुळांचे खड्डे.

मग मागच्या गेटने शिरलो. लिफ्टपाशी माणसं असणार म्हणून जिन्याने सात मजले चढलो. वय चौऱ्याहत्तर! गोणी घेतल्या, सात मजले उतरलो, मागून बाहेर, वळसा घालून पुढच्या गेटने आत. एक गोण डोक्यावर, एक काखेत. पुन्हा टाळ्या.

शिंद्यांनी गोण उपडी केली. पाला पडला. पाल्याबरोबर आणखी काहीतरी पडलं.

मंदाबाई वाकल्या. उचललं. माझा अंघोळीचा लाल साबण!

"काका," त्या म्हणाल्या, "बांधावर साबण पण उगवतो का?"

मग त्यांनी पाला हुंगला.

"तरीच कालपासून लिफ्टला वास येतोय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, काकांनी नवीन तेल लावलं."

मी म्हणालो, "मला वाटलं, मला कोणी बोलावलं नाही." एवढंच. याहून जास्त मला बोलता येत नाही.

मग शिंदे म्हणाले, "तर मग काकांनी पाला साबण लावून धुऊन आनलाय! असा स्वच्छ माल मार्केटात बी गावत न्हाई!" आणि चाळीस माणसं हसली. मी हसलो नाही. मिशी तेवढी हलली.

मडकी मी भरली. पेंढा मी पेटवला. थेंब मारले, चुर्र झालं, ते ऐकायला मी बाजूला मान वळवली. बाजूला शिंदे होते. "उतरवू का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "उतरा."

शेंगा उत्तम झाल्या. साबणाचा वास नव्हता. दोघातिघांनी मुद्दाम हुंगून पाहिलं.

"काका, पयली ती बेल नीट करा," जाताना शिंदे म्हणाले. "आमी येत जाऊ."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून तार जोडली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बेल गप्प. माणसं कामाची, वेळ कुठे असतो? पण मला शंका, तार नीट बसली नसेल. म्हणून बुधवारी बाहेर गेलो आणि बटण दाबलं. खणखणीत वाजली. खात्रीसाठी पुन्हा दाबलं.

समोरचं दार उघडलं. मंदाबाई.

"काका, कोण आलंय तुमच्याकडे?"

काय सांगू?

"मीच," म्हणालो. "पण घरात कोणी नाहीये."