गल्ली त्याची, वायर त्याची, बोलणं पण त्याचंच?

ग्रुपमधल्या जालनेकरांनो, आज माझं डोकं फिरलंय.

ताई मस्कतला असते, तिला नववा महिना चालू आहे. आई रोज माझ्या कॉम्प्युटरवरून तिच्याशी बोलते. आता मेल येतो, गाणी उतरतात, फक्त बोलणं सुरू केलं की आवाज तुटून राह्यलाय.

सकाळी आमच्या केबलवाल्याकडं गेल्तो. नेट त्याचंच, अन् दुकानातला एसटीडी-आयएसडी बूथ पण त्याचाच. निवांत म्हणाला, "फुकट बोलायला लाइन दिली का तुम्हाला? ते मीच बंद केलंय. बूथवर या ना."

म्हणलं, नेटचे पैसे घेता, मंग त्याच्यावर आम्ही काय करायचं ते पण तुम्हीच ठरवणार?

तडक दुसऱ्या केबलवाल्याकडं गेलो. त्याचा पहिला सवाल, "गल्ली कोणती?" सांगितली, तर हातच जोडले. "ती त्यांची. ह्या मस्तगड भागात आमचं बराबर ठरलेलं हाय, एकमेकाच्या गल्लीत वायर टाकायची न्हाई."

घरी येतो तर पहिला केबलवाला दारात उभा! "काय भाऊ, तिकडं गेल्ते म्हणे?" अन् आईला हसून, "काकू, बूथवर या, नवा पंखा लावलाय."

आई बिचारी खरंच चपला घालून निघाली.

दिल्लीत म्हणे घरोघरी ब्रॉडबँड न्यायचं धोरण ठरून राह्यलंय. अहो, आधी आमची गल्ली तर सोडवा!

तुमच्या गल्लीचा मालक कोण आहे? लिहा खाली. ही पोस्ट पण त्याच्याच वायरवरून टाकून राह्यलोय. दिसली तर कळवा.