डाव्या हाताला कालवा

तेव्हा आम्ही मद्रासला, वेस्ट मांबलममध्ये दोन खोल्यांत राहत होतो. मी, अप्पा आणि धाकटा भाऊ. मी मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत असे. अप्पा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांची बदली झाली आणि तंजावरकडचं गाव सुटलं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते.

ते गाव काढायचं फार दिवस मनात होतं. पण नदी, देऊळ, नारळ असं काढलं की चित्र कॅलेंडरसारखं दिसे आणि मी ते फाडून टाकी. शेवटी ठरवलं, ओळखू येईल असं काही काढायचंच नाही. भाऊ गिंडीच्या एका कारखान्यात होता. त्याने यंत्राच्या खोक्याची मोठी फळी आणून दिली. तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने गोणपाट चिकटवलं. त्यावर भाताचा तूस, गावाकडून आणवलेली शेतातली माती आणि रंग. अप्पांकडे गावाच्या मोजणीचा जुना कापडी नकाशा होता. मी मागितला, त्यांनी आनंदाने दिला. मुलगी आता तरी नीट बघून काढील, असं त्यांना वाटलं असावं. मी त्याचे तीन तुकडे करून गोणपाटावर डकवले.

दोन दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून चित्रासमोर बसले आणि एका निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हा कालवा असेल तर चुकलाय. तो घराच्या उजव्या हाताला आहे. मी स्वतः साखळी टाकून मोजलाय."

"असेल, अप्पा. पण शाळेतून घरी येताना तो माझ्या डाव्या हाताला असायचा. मला तसाच आठवतो. तो तिथेच राहील."

त्यांच्यापुढे इतकं ठाम मी कधी बोलले नव्हते. अप्पांनी पट्ट्यावरचं बोट उचललं. मग म्हणाले की आपण जन्मभर दारात उभं राहून बाहेर बघितलं. येणाऱ्याच्या बाजूने बघायचं सुचलंच नाही.

शहरातल्या चित्रकारांचं वार्षिक प्रदर्शन भरणार होतं. शाळेतल्या एका बाईंनी चित्राची वरची बाजू कोणती, असं हसत विचारलं होतं, तरी मी सायकलरिक्षात घालून ते नेऊन दिलं. ते निवडलं गेलं, आणि लागलं ते दालनात शिरताच समोर दिसेल अशा भिंतीवर.

पहिल्याच दिवशी तिथे गर्दी होती. अप्पा एका अनोळखी गृहस्थांना तमिळमध्ये समजावत होते की हे लांबून बघायचं नाही, जवळ जायचं, मातीचा वास येईपर्यंत. ते गृहस्थ खरंच वाकले. चित्राखाली कार्ड होतं: माझं नाव आणि त्याखाली 'चित्रकार'. कुठल्याही कागदावर माझ्या नावाबरोबर तो शब्द आजवर कुणी लिहिला नव्हता. मी तो तीनदा वाचला. भावाने मागून आणलेला कॅमेरा काढला, मला बाजूला सरकून उभी राहा म्हणाला. मी सरकले नाही. चित्राच्या अगदी मधोमध उभी राहिले.