संदर्भसूचीतली मुलगी

रविवारची दुपार होती आणि मी स्वल्पविराम पुसत बसले होते. आधीच्या जर्नलला आडनावानंतर स्वल्पविराम हवा होता, या जर्नलला तो नको होता. आधीच्याला वर्ष कंसात लागायचं, याला ते अगदी शेवटी. आधीच्याला नियतकालिकाचं नाव पूर्ण, याला तोडकं, आणि तेही यांनी ठरवलं असेल तिथेच तोडलेलं. पहिल्या जर्नलने पेपर नाकारला त्याचं दुःख एव्हाना जिरलं होतं. संदर्भसूची पुन्हा पहिल्या ओळीपासून लावायची, हे दुःख मात्र ताजं होतं. यासाठी सॉफ्टवेअर असतं, बटण दाबलं की होतं सगळं, असं कॉलेजात मला जो तो सांगतो. मीही ते दाबून पाहिलं होतं. त्याने अर्ध्या लेखकांची नावं उलटीपालटी केली आणि एका पुस्तकाच्या प्रकाशनाचं गाव लेखक म्हणून छापलं. तेव्हापासून मी हातानेच करते.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रोफेसरपदाच्या मुलाखतीसाठी मला एक पेपर कमी पडत होता. निवृत्ती इतकी जवळ आली होती की ही मुलाखत हुकली असती, तर पुढची माझ्या नशिबात नव्हती. म्हणून वारज्याच्या फ्लॅटमध्ये, हायवेच्या घरघरीत, मी मुठेच्या पाण्यातल्या शैवालावरचा पेपर दुसऱ्यांदा सजवत होते.

विषय नवा नव्हता. लग्नाआधी मी याच नदीवर, याच शैवालावर काम केलं होतं, आणि तो पेपर बऱ्या जर्नलात आलाही होता. तो आता माझ्या संदर्भसूचीत होता, पण माझा म्हणून कोणालाही ओळखू आला नसता. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलेलं होतं. आडनाव गेलं, मधलं वडिलांचं नाव गेलं आणि पहिलंही गेलं. तेव्हा मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याचा परिणाम असा की संदर्भसूचीच्या वरच्या टोकाला एक मुलगी आहे, खालच्या टोकाला सासरच्या आडनावाची एक बाई आहे, आणि दोघींचं एकही अक्षर जुळत नाही.

त्यात या जर्नलचा नियम असा, की पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळता कामा नये. स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेखसुद्धा परक्याचं काम असल्यासारखा करायचा. मी निमूटपणे ‘पूर्वीच्या एका अभ्यासात असे आढळले होते’ असं लिहिलं आणि पेपर पाठवून दिला.

काही महिन्यांनी रिव्ह्यूअरचे शेरे आले. तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले होते आणि नवरा समोर चहा पीत होता. पहिला शेरा एका संदर्भाचा पृष्ठक्रमांक राहिल्याचा होता. दुसरा असा, की संदर्भसूचीतल्या त्या जुन्या संशोधिकेने वर्षभर दर आठवड्याला एकाच जागेवरून नमुने घेतले होते. प्रस्तुत लेखकाने मात्र मधले महिनेच्या महिने गाळले आहेत आणि तरी निष्कर्ष ठासून मांडले आहेत. तिचा काटेकोरपणा इथे दिसत नाही. तिसरा शेरा नम्र होता. लेखकाने त्या संशोधिकेशी संपर्क साधावा, तिची मूळ आकडेवारी मागावी, आणि शक्य झाल्यास तिला सहलेखक करून घ्यावं.

मला हसूच आलं.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“अहो, तो म्हणतोय त्या बाईंना शोधा.”

“कोणत्या बाईंना?”

“मला.”

त्याने शेरे वाचले. मग म्हणाला, “मग सापडल्या की. संपादकांना कळव, नाव बदललंय, लेखक तीच आहे. एका ओळीचं काम.”

“आणि आकडे?”

“ते कुठे आहेत?”

“इथे राहायला आलो तेव्हा रद्दीत गेले. फ्लॉप्यांसकट.”

तो कप विसळायला उठला.

तरी मी ती ओळ टाइप केली. ‘उल्लेख केलेली संशोधिका मीच आहे.’ वाक्य साधं होतं, खरं होतं, आणि ते वाचताना मला कसंतरी झालं. दुसरी कोणी माझ्यापेक्षा काटेकोर निघाली असती तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. पण ती मीच, म्हणजे जिला हे काम नीट येत होतं तिनेच ते असं केलं होतं.

ती मुलगी दर शनिवारी सकाळी शनिवार पेठेतल्या घरून बाटल्या घेऊन नदीवर उतरायची. पाऊस असो, परीक्षा असो, ताप असो. घरी नदीचा वास यायचा म्हणून वडील वैतागायचे. “आता मुठा न्हाणीघरातूनच वळवून घे,” असं एकदा म्हणाले होते. मी मात्र सुट्टी असेल तेव्हाच नमुने घेतले. उरलेले महिने प्रवेश, सुपरव्हिजन, तपासणी समितीच्या फायली आणि सासूबाईंचं शेवटचं आजारपण यांत गेले. रिव्ह्यूअरचा शब्द न् शब्द बरोबर होता. मला तिचा हेवा वाटला आणि रागही आला. पहाटे उठून जाणाऱ्या या मुलीचा डबा कोण भरत होतं? तिची आई भरत होती.

मग मी ती ओळ पुसली आणि उत्तरं लिहायला घेतली. पृष्ठक्रमांक घातला. दुसऱ्या शेऱ्याला लिहिलं की आक्षेप मान्य आहे, गाळलेले महिने मर्यादा म्हणून नोंदवले आहेत आणि निष्कर्ष सौम्य केले आहेत. पेपर पुढे स्वीकारला गेला, मुलाखतही झाली आणि मी प्रोफेसर झाले, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको.

तिसऱ्या शेऱ्यापाशी मात्र मी बराच वेळ बसले. शेवटी लिहिलं, ‘सदर संशोधिकेशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. संपर्क होऊ शकला नाही.’

नवरा मागे उभा राहून वाचत होता. “हे खोटं आहे हं,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं, आणि पाठवून दिलं.