शिट्टीवाल्याचा माग

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासायचं मशीन होतं. त्यावर बसणारी बाई दिवसभरात फारसं बोलत नसे. गिऱ्हाइकाचा नंबर बघायचा, काच चाकावर धरायची, फ्रेममध्ये बसवायची, पुसून पुढे सरकवायची, एवढंच. पण गावावर काही ओढवलं आणि फोन बंद पडले, की तिचाच आवाज सगळ्यांच्या कानात असे. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाची ती कंट्रोल होती. अशा वेळी मंडळातले सगळे आपापल्या सेटवर एकाच फ्रिक्वेन्सीला येत. कोणी आधी बोलायचं, कोणी थांबायचं, कोणाचा निरोप कुठे पोचवायचा, हे ती ठरवायची. याला ते लोक ‘नेट’ म्हणत. नेटवर तिला सगळे मावशी म्हणत, अगदी वयाने मोठा असलेला औषधांच्या दुकानाचा मालकसुद्धा.

हे वेड तिला लावलं तिच्या दादानं. दादा दुधाची गाडी चालवायचा आणि तोंडाने अखंड चालू असायचा. घरात दोघंच. बहीण घुमी, भाऊ बडबड्या. “आमच्या घरात बोलण्याचा कोटा मीच संपवतो, म्हणून हिला रेडिओ घेऊन दिला,” असं तो पाहुण्यांना सांगे.

मग तो पूर आला.

दादा गाडीत पांघरुणं भरून पलीकडच्या शाळेकडे निघाला होता. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून त्यानं रेडिओवर विचारलं, “कंट्रोल, पूल चालू आहे का? ओव्हर.”

तिच्याकडे नुकताच निरोप आला होता की पुलाचा मधला खांब खचलाय. ती म्हणाली, “पूल चालू नाही. पुलावर जाऊ नकोस.”

दादाला ऐकू आलं “पूल चालू”. पुढच्या शब्दांवर कोणीतरी आपल्या सेटचं बटण दाबून धरलं आणि शिट्टी वाजवली. लांबलचक, मजेत वाजवावी तशी, शेवटी गिरकी घेणारी. रेडिओवर ज्याचा सेट जोरकस, त्याचाच आवाज पोचतो. दादा “आलो” म्हणाला आणि त्यानं गाडी पुलावर घातली.

जीव वाचला. एक पाय मांडीपासून गेला, दुसरा असून नसल्यासारखा झाला.

त्या दिवसापासून तिनं नेटची बोलण्याची रीतच बदलून टाकली. नकार असेल तर ‘नाही’ आधी, दोनदा, मग बाकीचं. नव्या माणसाला ती पहिल्यांदा हेच शिकवायची. का, ते कधी सांगत नसे. आणि मनात तिनं त्या शिट्टीवर डूख धरला.

शिट्टीवाला नंतरही यायचा. महिन्या-दोन महिन्यांनी, कधी सरावाच्या वेळी, कधी उगाचच. शिट्टी वाजवायचा, खुदकन हसायचा आणि गायब व्हायचा. मंडळाचा नियम होता की अशाला उत्तर द्यायचं नाही. दुर्लक्ष केलं की कंटाळून जातो. मावशी नियम पाळायची. आवाजात कंप नाही, राग नाही. लोक म्हणत, काय धीराची बाई आहे! तिच्या डोक्यात मात्र तिडीक जायची. काच घासताना तिला त्याचा चेहरा नव्हे, गळा दिसायचा.

तिनं प्लास्टिकचा पाइप आणि मोजायच्या पोलादी पट्टीचे तुकडे जोडून एक अँटेना बनवली. ती हातात धरून फिरवायची. ज्या दिशेला आवाज सगळ्यात मोठा, तिकडे बोलणारा. दोन ठिकाणांहून अशा दिशा घेतल्या आणि नकाशावर दोन रेघा ओढल्या, की त्या जिथे छेदतील तिथे तो. अडचण एकच होती. तो फार थोडा वेळ बोलायचा.

“सोड ना आता,” दादा म्हणायचा. “माझा पाय काय त्याच्या घरी ठेवलाय, जाऊन आणायला?”

“तुझा पाय, तू सोड,” ती म्हणायची. “मी नाही सोडणार.”

एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. सकाळी धूर दिसला आणि दुपारपर्यंत टेकडीवरचे मोबाइलचे टॉवर जळून बंद पडले. मंडळाच्या खोलीत दोन सेट मांडले. एकावर मावशी बसली, दुसऱ्यावर मदतीला औषधवाला. दादा घरी खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत, आपला सेट घेऊन. गाड्या कुठे पाठवायच्या, कुठला रस्ता बंद झालाय, असे निरोप धडाधड येऊ लागले.

आणि मधेच शिट्टी. तीच गिरकी.

मावशीचा हात क्षणभर बटणावरच राहिला. मग ती औषधवाल्याला म्हणाली, “सगळ्यांना घेऊन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जा. नेट तुम्ही चालवा. मी इथेच थांबते.”

“इथे कशाला?”

“त्याला कोणीतरी सोबत नको का?”

सगळे तिकडे गेल्यावर तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. रेडिओवर तिनं आवाज चढवला. “कोण आहे रे तू? लाज नाही वाटत? माणसं मरतायत इथे!” ती रडवेली झाली, तिनं हात जोडले, शिव्या घातल्या. सुरुवातीला ते सोंग होतं. थोड्या वेळानं किती सोंग आणि किती खरं, तिचं तिलाच कळेना. पण मासा गळाला लागला. उत्तर मिळतंय म्हटल्यावर शिट्टीवाल्याला चेव आला. ती दर वेळी ओरडायची, बटण सोडायची आणि तो वाजवत असताना पट्टीची अँटेना फिरवायची. तिकडे दादानंही तिनं बनवून दिलेली तसलीच अँटेना खिडकीत फिरवून दिशा घेतली आणि तिसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर तिला कळवली. नकाशावरच्या रेघा पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत छेदल्या.

ती उठली.

“मावशी, बसा,” औषधवाला म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. “मला एकट्याला झेपत नाहीये. वृद्धाश्रम रिकामा करायचाय. दोन्हीकडून एकदम बोलतायत.”

“आलेच मी.”

“मावशी!”

ती अँटेना काखोटीला मारून दाराबाहेर पडली होती.

आता शिट्टीवाल्याला बोलतं ठेवायचं काम दादाकडे आलं. मावशी धुरानं पिवळ्या पडलेल्या रस्त्यानं झपाझप चालत होती आणि हातातल्या छोट्या सेटमधून दादाचा आवाज येत होता.

“अरे, किती बेसूर वाजवतोस! आमच्या कुकरची याहून बरी वाजते.”

शिट्टी आली, जरा तावातावानं.

“हां, ही जरा बरी. पण शेवटची ती गिरकी? तिथे दम तुटतो तुझा. पुराच्या वेळी बरी जमली होती. मी तेव्हा ऐकली होती, पुलापाशी.”

क्षणभर काहीच आलं नाही. मावशी चालता चालता थबकली. गेला की काय? मग पुन्हा शिट्टी आली, लांब, घोटून, परीक्षकापुढे वाजवावी तशी. मावशी गल्लीत एका बैठ्या घराच्या खिडकीखाली थांबली. हातातल्या सेटमधून शिट्टी येत होती आणि खिडकीतूनही तीच येत होती.

तिनं बेल वाजवली. दार एका बाईनं उघडलं. हातात ओलं फडकं, धूर आत येऊ नये म्हणून फटींना लावत असावी.

“कोण हवंय?”

“शिट्टी छान वाजवतात, ते.”

“अगंबाई, बाहेरपर्यंत ऐकू येते का?” बाई हसली. “या ना. आत त्यांच्या रेडिओपाशी आहेत. काय करतात कोण जाणे, पण तेवढाच विरंगुळा.”

आतल्या खोलीत पन्नाशीचा एक माणूस घरातल्या कपड्यांत, माइक हातात धरून बसला होता. नीट भांग, स्वच्छ नखं. मावशी “नमस्कार” म्हणाली मात्र, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आवाज त्यानं ओळखला होता.

तिनं त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि बटण दाबलं. “दादा, सापडला. टाकीमागची गल्ली, डावीकडचं शेवटचं घर, दारावर निळा रंग.” मग माइक खाली ठेवून ती बाईला म्हणाली, “वहिनी, बसा जरा. तुमचे यजमान विरंगुळ्याला काय करतात, ते सांगते.”

तिनं सगळं सांगितलं. पूल, पांघरुणं, अर्धं ऐकू आलेलं वाक्य, पाय. घाई केली नाही. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून, आणि मावशीनं ते जाताना नीट पाहिलं. तिला तेच पाहायचं होतं.

“कोणाला काही होईल असं वाटलं नव्हतं,” तो माणूस पुटपुटला. “तुम्ही सगळे इतके गंभीर होऊन बोलता... मला गंमत वाटायची.”

“आत्ताही येतेय?”

त्याची बायको हातातल्या फडक्याकडे बघत राहिली.

वणवा विझल्यावर परवाना खात्याची माणसं आली आणि सेट, तारा, अँटेना सगळं उचलून घेऊन गेली. खटला उभा राहिला. गल्लीत कोणी त्या माणसाशी बोलेना. बदला घेतल्यावर पोकळ वाटतं म्हणतात. मावशीला तसं काही वाटलं नाही. तिला सडकून भूक लागली, ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

काही दिवसांनी तो माणूस बायकोला घेऊन दाराशी आला. दादाला भेटायचं होतं, पाया पडायचं होतं. मावशीला वाटलं होतं, दादा त्याला आत घेईल, चहा पाजेल, वर एखादा विनोदही करेल.

दादानं मान हलवली. “आत आणू नकोस.”

“का रे? सोड, सोड म्हणत होतास ना?”

“समोर येऊन रडला तर मला माफ करावं लागेल,” दादा म्हणाला. “मला नाही करायचं. तू एकटीच रागावलेली होतीस असं वाटलं तुला?”

ती दारात गेली. “दादा भेटणार नाही. आजही नाही, नंतरही नाही,” असं सांगून तिनं दार लावलं. दादाची खुर्ची उघड्या खिडकीत, त्यांना दिसेल अशी होती. ते दोघं फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मंडळाची बैठक झाली तेव्हा दादासकट सगळ्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग औषधवाला उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या एकट्याच्या गोंधळात वृद्धाश्रमाची बस बंद रस्त्याकडे गेली होती. वळवून आणली, सगळे सुखरूप बाहेर पडले, पण एका आजींच्या छातीत धूर गेला. त्या अजून दवाखान्यातच होत्या.

“माझ्याकडून चूक झाली, ती माझी,” तो म्हणाला. “पण मावशी, तुम्ही खुर्ची सोडून गेलात. मला एकच विचारायचंय. पुन्हा तशी वेळ आली तर?”

‘नाही’ हा एक शब्द सोपा होता आणि सगळ्यांना तोच ऐकायचा होता.

“मी त्या आजींकडे जाऊन आले,” मावशी म्हणाली. “त्यांच्यापुढे हात जोडले. ते मनापासून. पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा जाईन.”

“म्हणूनच विचारलं,” औषधवाला हळूच म्हणाला.

तिनं पर्समधून मंडळाच्या खोलीची, कंट्रोलकडे असायची ती किल्ली काढली आणि टेबलावरून दादाच्या खुर्चीकडे सरकवली.