उस्तादांचा कान

गाडीत म्युझिक सिस्टीम बसवायची तर उस्तादांकडेच, असं सगळे ड्रायव्हर सांगायचे. काय कान आहे म्हणे माणसाचा. खरं सांगायचं तर तो कान सहा वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. जन्मभर डिकीत डोकं घालून ढणढणाट ऐकला, दुसरं काय होणार. समोरच्याचे ओठ बघून बोलणं कळायचं. बाकी ठार बहिरे.

मग काम कोण करायचं? त्यांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणायचे. आठवीत शाळा सुटली तिची, पण ॲम्प्लिफायर किती वॅटचा आणि स्पीकर किती ओहमचा एवढं बघितलं की किती व्होल्टवर थांबायचं, ते ती पाठकोऱ्या कागदावर काढायची. स्पीकरच्या तारा सोडायच्या, टेस्टचा एकसुरी आवाज लावायचा, तारांच्या जागी मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवायच्या आणि ॲम्प्लिफायरचा जोर वाढवणारा गेनचा स्क्रू केसभर केसभर फिरवायचा. आकडा आला की हात काढायचा. हाव केली की आवाज फाटतो, स्पीकर जळतो. तिच्या हातचा एकही स्पीकर जळून परत आला नव्हता.

पण बाईच्या हातात गाडी द्यायला गिऱ्हाईक कां कूं करायचं. म्हणून तिने तारा परत जोडल्या की उस्ताद पुढच्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायचे. गिऱ्हाईक खूश.

एक दिवस गाड्यांच्या शोरूमचे साहेब येणार होते. काम पसंत पडलं तर शोरूमच्या सगळ्या गाड्या यांच्याकडेच. सकाळी चहा देताना वहिनीने उस्तादांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आज खरं सांगा. मीटर मी लावते म्हणून. एकदाच."

"सांगतो की. तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

"हे मला नको. साहेबांना सांगा."

साहेब वेळेआधीच टपकले आणि गाडीला टेकून उभे राहिले. त्यांना सगळं पहिल्यापासून बघायचं होतं. इंजिन चालू, तारा सुटलेल्या, वहिनी डिकीत वाकलेली. मीटरवर अठरा, एकोणीस, वीस. वीसवर ती थांबली.

तेवढ्यात उस्ताद लगबगीने पुढे जाऊन बसले. इंजिनामुळे सीट थरथरत होती. त्यांना वाटलं, बेस सुरू झाला. डोळे मिटून मान डोलवायला लागले. वर म्हणतात, "वा. काय गोल आवाज आहे."

इंजिनाच्या घरघरीशिवाय गाडीत कसलाच आवाज नव्हता.

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "उस्ताद, तारा तर लोंबतायत. ऐकताय काय, इंजिन?"

वहिनी सरळ झाली आणि डिकीच्या बाजूला येऊन उभी राहिली. बोला ना, असं ती नुसत्या ओठांनी म्हणाली. उस्तादांनी ते वाचलं. नक्की वाचलं, तिच्याच तोंडाकडे बघत होते.

"हिची परीक्षा घेत होतो, साहेब," ते हसले. "तारा जोडायच्या विसरली. मी एवढी मान हलवतोय, तरी हिला पत्ता नाही. बायकांना घेऊन काम म्हणजे असं."

साहेबांना पटलं. असलं लगेच पटतं. "काय हो वहिनी, विसरलात?"

मीटर तिच्या हातात होता. बटण दाबून धरून ठेवलेला वीसचा आकडा अजून त्यावर होता. तो पुढे केला असता तर उस्तादांची सगळी इज्जत तिथल्या तिथे फुटपाथवर आली असती. तिने मीटर बंद केला.

"हो. विसरले."

काम मिळालं. दुकानावर नवीन बोर्ड लागला, हातभर अक्षरांत उस्तादांचं नाव. बोर्ड लावून झाल्यावर ते तिला म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं, "जरा खूण करत जा ना. चारचौघांत फजिती होते."

आता ती तारा जोडते, डिकीतून पुढे येते आणि सीटला मागून दोनदा थोपटते. मग उस्ताद डोळे मिटतात.