एका मात्रेची गोष्ट

माळा आवरताना तबल्याची जुनी खोळ सापडली. तिला अजून चामड्याचा आणि पावडरीचा वास होता. त्या वासासरशी मी मनाने कपिलधारच्या जत्रेतल्या गाण्याच्या मंडपात जाऊन बसलो.

दादा गात होता, मी तबल्यावर होतो आणि मागे आमच्या गुरुजींची मुलगी मंदा तानपुरा घेऊन. आम्ही दोघेही तिच्यासाठी वेडे. ती मात्र दादाकडेच बघायची. एकताल बारा मात्रांचा, मग पुन्हा पहिलीवर सम. दादा डोळे मिटून समेकडे येत असताना मी मुद्दाम एक मात्रा खाल्ली. सम आधीच पडली आणि भर मंडपात दादा चुकल्यासारखा दिसला.

"माझंच चुकलं, गुरुजी," तो म्हणाला.

मंदाचा डावा हात मांडीवर मात्रा मोजत होता. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून पाहिलं. मला हवी होती ती ही नजर नव्हे.

आज ती माझी वहिनी आहे. मी दादाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय बे. अकराच झाल्या होत्या."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"गुरुजींनी तुझा तबला बंद केला असता. मग माझ्या साथीला कोण बसलं असतं?"

त्या दिवसानंतर मी त्याच्या साथीला एकदाही बसलो नव्हतो.