पुंजाराम मिस्त्रीनं बसवलेलं इंजिन

करमाडला जालना रोडवर, एसटी स्टँडच्या समोर पुंजाराम मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं. शेजारच्या शेंद्र्याला कारखाने यायला अजून बरीच वर्षं होती. त्यामुळं आसपासच्या गावांत कुठलंही इंजिन बंद पडलं की ते पुंजारामकडंच यायचं. विहिरीवरचं डिझेल इंजिन, पिठाची चक्की, एखादी फटफटी, लग्नातला जनरेटर. 'सर्व इंजिने खात्रीने दुरुस्त' अशी पाटी दुकानावर होती. खात्री कशाची, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

हात वाईट नव्हता त्याचा. बरीचशी कामं तो नीट करायचा. पण जी बिघडायची, ती त्याच्यामुळं कधीच बिघडायची नाहीत. दोष एकतर तेलाचा असायचा, नाहीतर गिऱ्हाइकाचा, आणि हे दोघंही निर्दोष निघाले तर हवेचा. रामकिसनच्या चक्कीची मोटर त्यानं जोडून दिली, तेव्हा ती उलटी फिरायला लागली आणि पीठ डब्यात पडायच्या ऐवजी रामकिसनच्या मिशांवर जाऊन बसलं. पुंजाराम शांतपणे म्हणाला, "नव्या पद्धतीची हाय. सवय व्हईल." रामकिसननं बिचाऱ्यानं सवय व्हायची वाटही पाहिली.

तरुणपणी पुंजाराम मुंबईला गोदीत होता. गोदीत म्हणजे गोदीच्या फाटकाबाहेरच्या हॉटेलात, कपबश्या विसळायला. पण गावात सांगताना ते फाटक गळून पडायचं आणि कपबश्यांची जहाजं व्हायची. त्याची बायको चतुराबाई शेजारी बसून भाजी निवडत असली की मधेच म्हणायची, "व्हय, अन् एका जहाजाचा कान फुटला तं मालकानं पगार कापला व्हता." लोक हसायचे. पुंजारामही हसायचा आणि गोष्ट पुढं चालू ठेवायचा.

हीच ख्याती ऐकून हबीब त्याच्याकडं आला. हबीब औरंगाबादचा मासळीचा व्यापारी. करमाडच्या पलीकडच्या तळ्यातल्या मासळीचा ठेका त्यानं घेतला होता. जाळी टाकायला आणि पलीकडच्या काठावरून मासळी आणायला त्याच्याकडं फायबरची एक छोटी बोट होती. तिचं जुनं इंजिन जळालं, म्हणून त्यानं मुंबईहून दुसरं आणलं. वापरलेलंच, पण पहिल्यापेक्षा ताकदीचं.

"मिस्त्री, तुमी समुंदरातले माणूस," हबीब म्हणाला. "आपलं तर डबकं हाय. तुमी बसवून द्या."

समुंदरातला माणूस असं म्हटल्यावर पुंजाराम नाही कसा म्हणणार होता. त्यानं असलं इंजिन आयुष्यात हातात घेतलं नव्हतं. त्यानं ते इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, पंखा बोटानं फिरवला आणि म्हणाला, "हे तं लई जुन्या ओळखीचं हाय."

इंजिन बोटीच्या मागच्या फळीला बोल्टनं आवळायचं होतं. जुन्या इंजिनाची भोकं नव्याला जुळेनात. पुंजारामनं फूटपट्टी लावून नवी भोकं पाडली. पाडल्यावर कळलं की माप उलट्या बाजूनं धरलं होतं, आणि खालची दोन भोकं भलतीकडंच गेली आहेत. त्यानं शेजारी बरोबर जागी आणखी दोन पाडली, इंजिन आवळलं, चुकलेल्या भोकांवर बोटानं पुट्टी दाबली आणि वरून निळा रंग मारला. बोट आधीच निळी होती. काम इतकं साफ झालं की थोड्या वेळानं त्याचं त्यालाही आठवेना, भोकं नेमकी कुठं होती.

पहिल्या दिवशी बोट अशी पळाली की काठावरची बगळ्यांची रांग उठून गेली. हबीबनं पुंजारामच्या हातात एक भलामोठा रोहू ठेवला. चतुराबाईनं तो शिजवला, पुंजारामनं खाल्ला, आणि खाता खाता गोदीतल्या जहाजांत आणखी एकाची भर पडली.

मग हळूहळू बोट मंद व्हायला लागली. आधी वाटलं, वाऱ्यामुळं. मग वाटलं, मासळी जास्त भरली म्हणून. पुढं पुढं रिकामी बोटही गाभण गाईसारखी चालायला लागली. इंजिन बोंबलायचं, मागं पाणी उसळायचं, बोटीचं नाक वर आभाळाकडं जायचं आणि काठ तिथल्या तिथं राहायचा. हबीब दुकानात आला.

"मिस्त्री, इंजिन मोठं बसवलं अन् बोट धीमी झाली. असं कसं?"

"मी दिली तव्हा पळत व्हती का नाय?"

"हौ, पळत होती."

"मंग?" पुंजाराम म्हणाला. त्याच्या दृष्टीनं खटला इथंच संपला होता. तरी माणुसकी म्हणून तो तळ्यावर गेला. बोटीत मात्र चढला नाही. त्याला पोहता येत नव्हतं, आणि गोदीतल्या माणसाला पोहता येत नाही हे गावाला कळणं बरं नव्हतं. त्यानं बोट काठाकाठानं फिरवायला लावली, आणि डोळे बारीक करून, कानावर हात धरून आवाज ऐकला.

"तेल," तो म्हणाला.

तेल बदललं. मग प्लग बदलला. मग कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, परत बसवला, तर एक स्क्रू उरला. पुंजारामनं तो खिशात घातला आणि कंपनीवाले एखादा जास्तीचा देतात असं सांगितलं. मग म्हणाला पंखा चुकीचा हाय. जुन्या इंजिनाचा पंखा काढून नव्याला लावला. इंजिन तापलेल्या किटलीसारखं किंचाळलं आणि बोट आणखी मंद झाली. "बगा, फरक पडला का नाय?" पुंजाराम काठावरून ओरडला. फरक पडला होता हे हबीबला नाकारता येईना.

हबीबची बायको नजमा काठावर मासळी तोलायला बसायची. ती हे सगळं बघत होती. एकदा तिनं विचारलं, "मिस्त्री, तुमी एकदा बोटीत बसून का नाय बघत?"

"डॉक्टर काय पेशंटच्या पोटात बसतो का भाभी?" पुंजाराम म्हणाला. हे उत्तर त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की घरी जाऊन त्यानं ते चतुराबाईला दोनदा सांगितलं.

तेवढ्यात आप्पासाहेबांचा कार्यक्रम ठरला. आप्पासाहेब पूर्वी झेडपीत होते. आता कशातच नव्हते, म्हणून सगळीकडं असायचे. तळ्यात मत्स्यबीज सोडायचं होतं, आणि ते त्यांच्या हातून सुटलं नसतं तर बोटुकल्यांना, म्हणजे माशांच्या त्या बोटभर पिलांना, पोहता आलं नसतं असं बहुतेक सगळ्यांचं मत होतं. हार झाला, नारळ झाला. आप्पासाहेब बोटीत चढले, मागून फोटोग्राफर चढला, बोटुकल्यांचे डबे चढले. आणि आप्पासाहेब म्हणाले, "मिस्त्री कुठं हायत? गोदीतला माणूस संगं असू द्या, म्हंजे काळजी नाय."

सगळं गाव बघत होतं. पुंजाराम बोटीत चढला. दोन्ही हातांनी कड धरून तो मधोमध बसला आणि तळ्याकडं न बघता आप्पासाहेबांच्या टोपीकडं बघत राहिला.

हबीबनं इंजिन चालू केलं. बोट निघाली, म्हणजे काठावरच्या लोकांच्या मते निघाली. तळ्याच्या मध्याकडं सरकत असताना गावातल्या सांडूच्या म्हशी पाण्यात उतरल्या. सांडूचं रान पलीकडं होतं आणि म्हशी रोज याच वेळी पोहत जायच्या. आधी त्या बोटीच्या मागं होत्या. मग बरोबरीनं आल्या. एका म्हशीनं मान वळवून आप्पासाहेबांकडं पाहिलं, फुसकन् नाकातून पाणी सोडलं आणि ती पुढं निघून गेली. बाकीच्या तिच्या मागं गेल्या.

आप्पासाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "हबीब, म्हशी पुढं कामून चालल्या?"

"साहेब, त्यांचं रोजचं हाय," हबीब म्हणाला.

पुंजारामला घाम फुटला होता, पण डोकं चालू होतं. बोटीचं नाक वर गेलं होतं, हे त्यालाही दिसत होतं. तो म्हणाला, "साहेब, मागं भार झालाय. तुमी जरा पुढं, टोकावर बसता का?"

टोकावर म्हणजे सगळ्यांच्या पुढं. आप्पासाहेबांना आयुष्यभर हवी असलेली जागा त्यांना आपणहून मिळत होती. ते गेले आणि टोकावर बसले. आप्पासाहेबांचा देह खात्यापित्या घरचा होता. नाक खाली आलं, बोट थोडी सरळ झाली, वेग नावाला वाढला आणि पाण्याचा एक लोंढा येऊन आप्पासाहेबांचं धोतर भिजवून गेला. फोटोग्राफरनं फोटो काढला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटोखाली छापलं होतं: आप्पासाहेबांच्या भारदस्त उपस्थितीत मत्स्यबीज सोडले.

पुंजारामनं तो पेपर दुकानात लावून ठेवला. त्याला रोग सापडला होता. पुढं भार नव्हता. आता आप्पासाहेबांना रोज बोटीच्या टोकावर बसवणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यानं रामकिसनच्या चक्कीचा जुना, झिजलेला दगड मागून आणला. तो बोटीच्या नाकात बोल्टनं आवळायचा, की झालं. मंद बोट जलद करण्यासाठी तिच्यात दगड घालायचा, ही कल्पना हबीबला नीट पटली नाही. पण इतकं सगळं करून झालं होतं की नाही म्हणायलाही त्याच्याकडं दुसरी कल्पना नव्हती.

बोट काठावर ओढायची होती. पूर्वी हबीबची माणसं तिला हसत हसत ओढायची. आता ती जागची हलेना. शेवटी सांडूची बैलजोडी लावली.

"लई जड झाली," सांडू म्हणाला.

"वाळू वली हाय," पुंजाराम म्हणाला.

इंजिनाचा पाय जमिनीला टेकू नये म्हणून बोटीची मागची बाजू दगडांवर चढवली आणि नाक खाली टेकवलं. रामकिसन आपला दगड कुठं बसतो ते बघायला आला होता. सांडू होता, नजमा होती, आणखी पाचपंचवीस माणसं होती. पुंजाराम बोटीत शिरून नाकाशी वाकला आणि हातड्रिलनं तळाला भोक पाडायला लागला. ही बोट बुडू नये म्हणून तिला दुहेरी तळ होता आणि मधल्या पोकळीत हलका स्पंज भरलेला होता. पुंजारामला ते माहीत नव्हतं. ड्रिल वरच्या तळातून आरपार गेलं, त्यानं ते बाहेर काढलं, आणि भोकातून पाण्याची चिळकांडी उडून थेट त्याच्या तोंडावर आली.

तो मागं बसला. पाणी उडत राहिलं.

"तळ्याचं पाणी आलं खालून," तो चेहरा पुसत म्हणाला.

"मिस्त्री," हबीब म्हणाला, "बोट जमिनीवर हाय."

सगळ्यांनी बोटीखाली पाहिलं. खाली कोरडी माती होती. पाणी भोकातून येतच होतं. आधी कारंज्यासारखं, मग नळासारखं, मग नुसतं ओघळत. बोटीत आधीच एक छोटं तळं भरलं होतं आणि हबीब ते इतके दिवस मोठ्या तळ्यात फिरवत होता.

नजमा उठली. मासे साफ करायची सुरी घेऊन ती मागच्या फळीशी गेली. इंजिनाच्या खाली एका जागी रंग फुगला होता. तिनं सुरीनं तो खरवडला. ओली पुट्टी लगद्यासारखी निघाली आणि मागं भोक दिसलं. शेजारी खरवडलं, तिथं दुसरं. दोन्ही थेट त्या दुहेरी तळाच्या पोकळीत उघडत होती.

"मिस्त्री, ह्या दोन भोकांत बोल्ट नाय."

"ती हवेसाठी ठेवलीत," पुंजाराम म्हणाला. तोंडातून आपोआप निघून गेलं.

"मग रंग कशाला मारला?"

पुंजारामनं तोंड उघडलं. तेलाचं झालं होतं, गिऱ्हाइकाचं झालं होतं, हवेचं आत्ताच झालं. त्यानं माणसांकडं पाहिलं. कुणीच चिडलेलं नव्हतं. रामकिसन, सांडू, सगळे मान पुढं करून, डोळे चमकवत उभे होते. तमाशाला आलेल्या माणसांसारखे. मिस्त्री आता काय सांगतो, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. पुंजारामच्या लक्षात आलं की ही माणसं त्याच्याकडं इंजिनं आणत होती ती दुरुस्तीसाठी, पण थांबत होती ती कारणं ऐकायला. त्याच्या एकाही कारणावर कधी कुणाचा विश्वास बसला नव्हता. गोदीवरही नाही. इतकी वर्षं आपण गावाला फसवतो असं त्याला वाटत होतं, आणि गाव त्याला फुकटात ऐकत होतं.

"भोकं माझीच हाईत," तो म्हणाला. "माप चुकलं व्हतं."

गर्दीचा सगळा उत्साह ओसरला. सांडूनं खाली पाहिलं. रामकिसनला तर राहवेना. तो जवळ येऊन समजूत काढल्यासारखा म्हणाला, "नाय वो मिस्त्री, त्या दिवशी वारंबी लई सुटलं व्हतं."

"वारं नव्हतं," पुंजाराम म्हणाला.

मग त्यानं काम केलं, आणि ते नीट केलं. तळ कापला, कुजका ओला स्पंज उपसून काढला, आत बरेच दिवस ऊन खाऊ दिलं. सगळी भोकं, जुनी, चुकलेली, नाकातलं ते कारंजंसुद्धा, फायबरनं आतून-बाहेरून बंद केली. नव्या इंजिनाचा पंखा परत नव्याला लावला आणि खिशातला स्क्रू कार्ब्युरेटरच्या ज्या भोकातला होता तिथं आवळला. या सगळ्या दिवसांत तो फारसा बोलला नाही. दुकानावर येणारे लोक त्याची तब्येत विचारायला लागले. चतुराबाईनंही एकदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी हबीबनं त्याला हात धरून आत बसवलं. "आज तुमी काठावर नाय," तो म्हणाला. इंजिन लागलं, बोट एकदा डोलली आणि निघाली ती अशी, की पुंजारामची टोपी मागं उडून पाण्यात पडली. तो डोळे मिटून बोटीच्या तळाला बसला होता. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. हबीबनं पार पलीकडचा काठ गाठून, वळसा घालून, टोपी उचलून बोट परत आणून लावली.

पुंजाराम गुडघाभर पाण्यातून चालत वर आला. ओल्या वाळूवर उभा राहून त्यानं टोपी पिळली, श्वास जागेवर आणला आणि बोटीकडं पाहिलं. काठावर रामकिसन होता, सांडू होता, नजमा तराजू धरून बसली होती. सगळे मान पुढं करून त्याच्याकडं बघत होते.

"जरा जास्तीच पळायली आता," पुंजाराम म्हणाला. "उद्या येतो. थोडी कमी करून देतो."